क्र. ११७: एका ग्रीक सुटकेसच्या नोंदी

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४, सिडनी

सुटकेस आली. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना पत्र्याचे तुकडे, कडी मोडलेली म्हणून नाडीनं बांधलेली. ऑफिसातली मैत्रीण ती डिकीतून काढता काढता म्हणाली, "पापूच्या कॅफेतलं सगळं विकलं गेलं, हे कुणी घेतलं नाही." पापू म्हणजे ग्रीकमध्ये आजोबा. कॅफे न्यू साउथ वेल्समधल्या आतल्या एका गावात, स्टेशनच्या रस्त्यावर होता. १९७४ मध्ये बंद झाला. गावाचं नाव आणि घराण्याचं आडनाव इथे लिहायचं नाही असं आमचं ठरलंय.

मागणी साधी आहे. सगळं स्कॅन करायचं, आणि तिची आत्या आहे तोवर फोटोत कोण कोण आहे ते लिहून घ्यायचं. आत्या शहाऐंशीची. तिच्यानंतर मागची ग्रीक अक्षरं वाचणारं घरात कुणी नाही.

मी हो म्हटलं त्याला कारण आहे. चिपळूणला आमचा फोटो स्टुडिओ होता. मी शाळेतून आले की बाबांच्या शेजारी बसून निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करायचे. गावातल्या निम्म्या नवऱ्यांचे देवीचे व्रण माझ्या हातून गेलेत. २००५ च्या जुलैतल्या पुरात निगेटिव्हचे डबे गेले. गाळातून चार निघाले, त्यातल्या तिनांत नुसते पासपोर्ट साइज. दुसऱ्याचा डबा अजून कोरडा आहे म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

मोजणी. सुटे प्रिंट ३४६. अल्बम दोन: एक काळ्या कागदाचा, कोपऱ्यांत फोटो अडकवायचा, दुसरा सत्तरच्या दशकातला, चिकट पानांचा. काळ्या कडेचे पाच लिफाफे. सुकलेल्या पिवळ्या फुलांची एक जुडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आणि बिस्किटांचा एक डबा, निगेटिव्हचा. झाकण जरा वर केलं तर व्हिनेगरचा भपका आला. फिल्मचा ॲसिटेट सडायला लागला की असा वास येतो, आणि ती वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधते. झाकण लावलं, डबा पिशवीत घालून गॅरेजमध्ये वेगळा ठेवला. त्याचं नंतर.

शनिवार, १७ फेब्रुवारी

पद्धत ठरवली. प्रिंट ६०० डीपीआयला, तळहाताएवढे किंवा लहान असतील तर १२००. मूळ फाइल टिफमध्ये, तिला हात लावायचा नाही. घरच्यांना पाठवायला जेपेग. क्रमांक मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं. बॉलपेन घरात दिसलं तरी उचलून बाजूला ठेवायचं.

आणि पाठही स्कॅन करायची. प्रत्येकाची, कोरी असली तरी. मैत्रिणीला हे खूळ वाटलं. "कोऱ्या कागदाचा फोटो कशाला?" कोऱ्या पाठीवरसुद्धा अल्बममधून ओरबाडल्याचा डाग असतो, कागदाच्या कंपनीचा पुसट छाप असतो, खिळ्याला टांगल्याचं भोक असतं.

भोकावरून आठवलं. आज ११७ पर्यंत आले. क्र. ११७ मध्ये कुठल्या तरी लग्नाचा घोळका आहे, एकोणीस माणसं, दुकानाच्या पायऱ्यांवर. मागच्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्याचं डोकं आणि छाती कापून काढलीय. फाटलेली नाही, नखं कापायच्या कात्रीनं सावकाश, गोल कापलेली. मैत्रीण बघून म्हणाली, "भांडण. आमच्यात हेच करतात." तिच्या मते पापूच्या भागीदाराचं डोकं असणार. मी "भाग गहाळ, हेतुपुरस्सर" एवढंच लिहिलं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

थियाकडे, म्हणजे मैत्रिणीच्या आत्याकडे, पहिली बैठक, सिडनीतल्याच अर्लवूडला. थिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्या एकच. मलाही तिनं तेच म्हणायला लावलं. बशीत एक चमचा मोसंबीच्या सालींचा मुरांबा आणि गार पाण्याचा पेला. खायचं नाही म्हणायची सोय नाही. कोकणातल्या गूळपाण्याची आठवण झाली. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तू शिकलेल्या घरातली आहेस."

आज फक्त पाठी वाचल्या. बहुतेक जुने प्रिंट पोस्टकार्डाच्या जाड कागदावरचे, मागे पत्त्याची रेघ. आणि जवळजवळ प्रत्येकावर एकच शब्द: एन्थिमिओन. आठवण. "आठवण म्हणून माझ्या आईला." "आठवण म्हणून भावाला, परक्या देशातून." परक्या देशाला शब्द क्सेनित्या. हा शब्द वाचताना थिया दर वेळी थांबते.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवते. या सुटकेसमधले निम्मे फोटो इथून तिकडे गेलेले आहेत, घराण्याच्या मूळ ग्रीक बेटावर, किथिराला, आणि थियाच्या आजीच्या मृत्यूनंतर कुणीतरी ते परत आणलेत. म्हणजे इथे काढलेला फोटो तिकडे भिंतीवर वर्षानुवर्षं टांगला आणि मग पुन्हा समुद्र ओलांडून आला. भिंतीवरचे कोणते ते ओळखू येतं. त्यांच्या काळ्या भागावर चांदीसारखी झाक धरलीय आणि वरच्या कडेला धूर बसलाय.

शनिवार, २ मार्च

कॅफेचे फोटो, ४१ नग. आजचा दिवस मजेचा.

किथिरा आधी नकाशावर बघून घेतलं. ग्रीसच्या दक्षिण टोकाखाली, पेलोपोनीज आणि क्रीटच्या मधे. शतकानुशतकं व्हेनिसचं, मग इंग्रजांच्या ताब्यात, १८६४ मध्ये ग्रीसला मिळालं. दगड, वारा, थोडे ऑलिव्ह आणि शेताला पुरणार नाहीत इतके मुलगे. आधी ते स्मर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) आणि इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला जायचे. १९२२ मध्ये स्मर्ना जळालं. १९२४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून ग्रीसचा कोटा वर्षाला १०० माणसांवर आणला. उरली ऑस्ट्रेलिया. तिथे बेटाची माणसं आधीच होती: १८७० च्या दशकात किथिराच्याच अथानासिओस कोमिनोनं सिडनीत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मासळीचं दुकान घातलं, आणि त्यामागोमाग कालवांची दुकानं गावोगाव झाली. (कालवं! आमच्याकडे ती खडकावरून फोडून आणतात आणि फुकट खातात.) कालवांच्या दुकानाचं पुढे कॅफे झालं. काकानं पुतण्याला बोलवायचं, पुतण्यानं मेव्हण्याला. पापू १९२४ मध्ये चौदाव्या वर्षी काकाच्या कॅफेत बश्या विसळायला आला. गिरगावातल्या खानावळीत कोकणातली पोरं यायची तसाच.

फोटो क्र. ५२: कॅफेचं दर्शनी तोंड. नाव अमेरिकन, कारण थंड सोडा, आइस्क्रीम आणि सिरपची यंत्रं हा सगळा प्रकार अमेरिकेतल्या ग्रीकांकडून आलेला. आत लाकडी कप्प्यांसारखी बसायची जागा, भिंतीभर आरसे, क्रोमचा काउंटर. क्र. ५८ मध्ये पाटी वाचता येते: मिक्स्ड ग्रिल, स्टेक आणि अंडी, मासे आणि चिप्स, मिल्कशेक. ग्रीक एकही पदार्थ नाही. मी विचारलं, "तुम्ही काय जेवायचात?" थिया हसली. "मागच्या स्वयंपाकघरात मसूर, पालेभाजी. ऑलिव्हचं तेल औषधाच्या दुकानातून, चपट्या बाटलीत. केमिस्टला वाटायचं आमच्या घरात सगळ्यांचे कान दुखतात."

मिल्क बार हीसुद्धा ग्रीकांचीच भर. १९३२ मध्ये सिडनीच्या मार्टिन प्लेसमध्ये योआकिम तावलारिदिसनं, इथे त्याला मिक ॲडम्स म्हणत, चार पेन्सला मिल्कशेक विकायचा बार उघडला. बसायची जागा थोडीच, बहुतेकांनी उभ्यानं प्यायचं आणि चालू लागायचं. पापूनं तो बघून आल्यावर वर्षभरात आपल्याकडे मिक्सर बसवले म्हणे. क्र. ६१ त्याच फेरीतला असणार: मार्टिन प्लेसमध्ये रस्त्यावरच्या फोटोवाल्यानं चालता चालता टिपलेला, हातात टोपी, तोंड अर्धं उघडं. हे फोटोवाले पुढे येऊन क्लिक करायचे आणि हातात चिठ्ठी द्यायचे, हवा तर उद्या प्रिंट घेऊन जा. सगळ्या सुटकेसमध्ये पापू न सावरता दिसतो असा हा एकच.

बाकी सगळीकडे तो उभा आहे.

शनिवार, ९ मार्च

नावांचा गुंता. दिवस गेला, डोकं उठलं.

ग्रीकांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव. आजोबांना चार मुलगे असतील तर चौघांच्या थोरल्याचं नाव तेच. शिवाय इथे आल्यावर प्रत्येकाचं इंग्रजी नाव वेगळं: पानायोतिसचा पीटर, दिमित्रिओसचा जिम, वासिलिओसचा बिल, कोन्स्तान्तिनोसचा कॉन. फोटोमागे कधी हे, कधी ते. चार चुलत भाऊ, एक नाव, एक आडनाव, आणि तीन जणांना मिशा.

थियानं तोड सांगितली: पारात्सुक्ली. म्हणजे घराण्याचं टोपणनाव. किथिरात आडनावं थोडी आणि कुटुंबं फार, त्यामुळे प्रत्येक शाखेला एक चिकटलेलं नाव असतं, कुणा पणजोबाच्या नाकावरून, धंद्यावरून, सवयीवरून. आमच्याकडेही एका वाडीत सगळे एकाच आडनावाचे असले की "खालच्या घरचे", "पिंपळाजवळचे", "भटजीच्या आळीतले" होतातच. फोल्डरची नावं आजपासून पारात्सुक्लीवर. संगणकानं तक्रार केली नाही.

तारखांसाठी दुसरी तोड: वाढदिवस विसरायचे. जुन्या पिढीत वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा, म्हणजे ज्या संताचं नाव त्याचा दिवस. मागे "नामदिनी" लिहिलं असेल आणि माणूस दिमित्रिओस असेल तर तारीख २६ ऑक्टोबर. एलेनी असेल तर २१ मे. निकोलाओस असेल तर ६ डिसेंबर. एका दुपारीत सत्तावीस फोटोंना दिवस मिळाले. सालं नाहीत, नुसते दिवस. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

पिवळी फुलंही ओळखू आली. सेम्प्रेविवा, बेटावरचं कधी न कोमेजणारं फूल. तिकडून येणारा प्रत्येक जण एक जुडी आणायचा. ज्या वर्तमानपत्रात ती गुंडाळली होती तेही स्कॅन केलं.

शनिवार, २३ मार्च

बायका.

आज थियानं एक छोटा फोटो स्वतःच्या पाकिटातून काढला, सुटकेसमधला नाही. तिची आई, वय वीस, किथिरातल्याच करवास गावची. स्टुडिओत उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात पुस्तक. "तिला वाचता येत नव्हतं," थिया म्हणाली. "पुस्तक स्टुडिओवाल्याचं." आमच्याकडेही होतं असं एक पुस्तक. जाड, लाल बांधणीचं, कायद्याचं. चिपळुणातल्या किती मुलींनी ते हातात धरलंय देव जाणे.

हा फोटो १९३५ मध्ये पत्रातून ऑस्ट्रेलियात आला. प्रोक्सेनिओ, म्हणजे मध्यस्थामार्फत स्थळ. पापूला कॅफे सोडून बेटावर जायला सहा-सात महिने काढणं शक्य नव्हतं, म्हणून फोटोवर ठरलं. अशा फोटोवरून लग्न करून आलेल्या बायकांना फोटोवरच्या नवऱ्या म्हणायचे. युद्धानंतर तर हे मोठ्या प्रमाणावर झालं: १९५७ मध्ये बेगोना नावाच्या जहाजातून सुमारे ९०० तरुणी एकदम मेलबर्नला उतरल्या, पुष्कळ जणींच्या हातात होणाऱ्या नवऱ्याचा फोटो. धक्क्यावर उभे पुरुष, हातात त्यांचे फोटो. दोन्हीकडून ताडून बघणं.

मी विचारलं, "आणि तुमच्या आईला कोणता फोटो पाठवला होता?"

"पाठवला नाही. तिनं भिंतीवर बघितला होता."

एवढ्यात तिची मुलगी औषधाची वेळ झाली म्हणून आली आणि विषय राहिला. पुढच्या वेळी विचारायचं.

लग्नाचे फोटो, १९३६, चार नग. नवरानवरीच्या डोक्यावर स्तेफाना, फुलांचे हलके मुकुट, मागून एकाच फितीनं जोडलेले. मुंडावळ्या बांधून गाठ मारली तर जसं दिसेल तसं. मग तीन प्रदक्षिणा टेबलाभोवती. काचेच्या पेटीतले ते मुकुट थियाच्या देवघरात, मी त्याला देवघरच म्हणते, अजून आहेत. पापू नवरीच्या जवळजवळ कानाएवढाच दिसतो. टाच उंच असावी तिची.

रविवार, २४ मार्च

उद्या २५ मार्च, ग्रीसचा राष्ट्रीय दिवस. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा. त्या निमित्तानं पोशाखातले फोटो आधी उरकले. ३३ नग. चुण्यांच्या पांढऱ्या घेरदार झग्यातले मुलगे, चेहरे रडवेले. १९४१ मधला एक वेगळा आहे: तीन वर्षांची थिया झगा घालून गावाच्या मुख्य रस्त्यावर, हातात डबा, शेजारी गोरी बाई. ग्रीससाठी निधी. १९४० च्या ऑक्टोबरात इटलीला ग्रीकांनी अडवलं आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन शिपाई ग्रीस आणि क्रीटमध्ये लढले, तेव्हा एकाएकी सगळं गाव पापूशी हात मिळवायला लागलं. पंचवीस वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, राजा कोन्स्तान्तिनोस जर्मनांकडे झुकतोय या संशयावरून याच देशात ग्रीकांची गुपचूप शिरगणती झाली होती आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत त्यांची दुकानं फोडली होती. पापूच्या काकानं ते दिवस बघितलेले. १९४१ च्या त्या फोटोत तो दारात उभा आहे, हात खिशात.

शनिवार, ६ एप्रिल

काळ्या कडेचे लिफाफे.

उघडायच्या आधी थियाला विचारलं. "उघड. मी बघितलेत."

पाचांतही एकच प्रकारचा फोटो. उघडी शवपेटी तिरपी धरलेली, आत म्हातारा किंवा म्हातारी, फुलं, आणि भोवती अख्खं घर, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. परदेशातल्या मुलांना पाठवण्यासाठी काढलेले. दफनाला येता येत नाही तर निदान बघता यावं. १९४९ चा थियाच्या आजीचा. पत्र यायला दिवस लागायचे, त्यामुळे हा हातात पडला तेव्हा चाळिसाव्या दिवसाचा विधीही उलटून गेला होता.

थियाला तो दिवस आठवतो. ती अकरा वर्षांची. टपाल सकाळी आलं, गावात जनावरांचा बाजार होता, कॅफे भरलेला. तिच्या बाबांनी, म्हणजे पापूनं, लिफाफ्याची कड बघितली, खिशात घातला, आणि दोन वाजेपर्यंत स्टेक भाजले. मग मागे जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसले.

हे पाच स्कॅन केले, पण घरच्यांना पाठवायच्या फोल्डरमध्ये टाकले नाहीत. मैत्रिणीची मुलं सात-आठ वर्षांची आहेत. वेगळं फोल्डर, नाव लिहिलं नाही. माझे बाबा अशा कामाला जायचे तेव्हा मला बरोबर नेत नसत, आणि आल्यावर आंघोळ करून मगच काळोख्या खोलीत शिरत.

शनिवार, २० एप्रिल

चिकट अल्बम. हे अल्बम ज्यानं शोधले त्याला फोटोंचा राग असावा. डिंक पिवळा पडून दगड झालाय, वरचं प्लास्टिक रंग खातंय. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोमागून करवतीसारखा ओढत, तासाला नऊ. दोन निघाले नाहीत, ते पानासकट स्कॅन केले. रंग सगळे लालसर.

विषय: जहाजं आणि अंगण. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ग्रीसचा करार झाला आणि मग लोंढा आला. आतेभाऊ, मावसबहिणी, शेजारी. धक्क्यावरून सुटताना हातातून हातात ताणलेल्या रंगीत कागदी फिती. डेकवर पात्रिस जहाजाच्या गोल कड्यामागे उभे राहून काढलेले फोटो, तीन वेगवेगळ्या वर्षांचे, तीन वेगवेगळी माणसं, कडं तेच. मग कारखान्याच्या गणवेशातल्या बायका. मग घर. घरासमोर गाडी. गाडीला टेकून माणूस. गाडी कुणाची हे थिया प्रत्येक वेळी सांगते आणि ती त्या माणसाची कधीच नसते.

१९७१ च्या जनगणनेत ग्रीसमध्ये जन्मलेले इथे १ लाख ६० हजार होते. २०२१ मध्ये ते ९२ हजारांवर आलेत, पण आपलं मूळ ग्रीक सांगणारे सव्वाचार लाखांच्या आसपास. अल्बमच्या शेवटच्या पानांत हे आपोआप दिसतं: म्हाताऱ्या काळ्या कपड्यांत बसलेल्या, भोवतीची पोरं दर पानाला वाढत जातात आणि उघडी-नागडी होत जातात.

शनिवार, ४ मे

काम नाही. उद्या त्यांचा ईस्टर. मध्यरात्री थियाबरोबर चर्चबाहेर उभी राहिले. बारा वाजता आतून एक ज्योत येते आणि मेणबत्तीमेणबत्तीनं सगळा रस्ता पेटतो. ज्योत न विझवता घरी न्यायची, दाराच्या चौकटीवर तिच्या काजळीनं क्रूस काढायचा. गाडीत मेणबत्ती धरून मी बसले होते, थिया मागून ओरडत होती, "खिडकी लाव, पेदी मू, खिडकी!" पेदी मू म्हणजे माझ्या लेकरा. मी त्रेपन्न वर्षांची आहे. माझं लाल अंडं पहिल्याच टकरीत फुटलं.

शनिवार, १८ मे

आता सावकाश लिहिते.

मोठे प्रिंट शेवटी ठेवले होते, त्यात क्र. ३२२. पुठ्ठ्यावर डकवलेला, मागे खिळ्याचं भोक, वर धुराचा पट्टा: भिंतीवरचा. किथिरा, पोतामोस. मधे आजी-आजोबा खुर्च्यांवर, मागे चार मुलगे, बाजूला दोन मुली. मागे शाईनं: "ऑली मास, १९३५." आम्ही सगळे.

मोठ्या पडद्यावर बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. चार मुलग्यांपैकी उजवीकडून दुसऱ्याच्या नाकाची सावली डावीकडे पडते. बाकीच्यांची उजवीकडे. त्याच्या खांद्याची कड जरा जास्तच स्वच्छ आहे. आणि तो भावांपेक्षा चार बोटं उंच आहे, डोकंही थोडं मोठं.

हे काम मी पाचशे वेळा तरी बघितलंय. वारलेल्या नवऱ्याचा पासपोर्ट फोटो आणि बायकोचा आजचा फोटो, कापून, चिकटवून, कडेवर ब्रश मारून, पुन्हा फोटो काढायचा. दोघांचा एकत्र फोटो कधी नव्हता तो होतो. बाबा सगळ्यात जास्त वेळ सावलीवर घालवायचे. इथल्या माणसानं तेवढा घालवला नाही. (पानायोतिस फात्सेआस या किथिराच्या लिवादीतल्या छायाचित्रकाराच्या काचेच्या निगेटिव्ह १९२० ते १९३८ मधल्या अर्ध्या बेटाचे चेहरे जपून आहेत, पण आमच्या पुठ्ठ्यावर कुणाचाच शिक्का नाही, तेव्हा कुणाचंच नाव जोडायचं नाही.)

पापू १९२४ मध्ये गेला तो परत आलाच नव्हता. १९३५ मध्ये पोतामोसला उभा राहणं शक्यच नाही. मग हा फोटो कुठून आला? पांढरी कॉलर, डाव्या छातीवर फूल. कार्नेशन. माझं मन आधीच तिकडे गेलं होतं, तरी अर्धा तास सगळे स्टुडिओतले फोटो चाळले. शेवटी ११७ काढला. शेजारच्या माणसाच्या छातीवर तेच फूल. वऱ्हाडातल्या सगळ्याच पुरुषांच्या छातीवर. भोकाची कड आणि ३२२ मधल्या खांद्याची कड एकावर एक ठेवली. मोठेपणा जुळवल्यावर बसली, उजव्या कानापाशी कात्री जराशी आत गेलीय तेवढ्या खाचेसकट.

मैत्रिणीला फोन केला. "भागीदार नाही. तुझे पापू."

दुपारी थियाकडे दोन्ही घेऊन गेले. तिला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. "हो मग. कोट उसना होता. काकाच्या मुलाच्या लग्नात एक दिवस मिळाला. आईनं तिकडून लिहिलं, सगळ्या मुलांचा फोटो पाहिजे, धाकटीचं लग्न ठरवायचंय, लोक येतात, भिंतीवर तीनच मुलगे दिसतात. स्टुडिओत जायला पुन्हा कोट कुठून आणणार? कापून पाठवला."

मग ती एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले.

"हाच आईनं भिंतीवर बघितलेला. करवासहून तिची आत्या तिला घेऊन गेली होती, सासरचं घर बघायला. आईनं विचारलं, कोणता? हा. उंच आहे, आई म्हणाली, चालेल. आणि इथे धक्क्यावर उतरली आणि उंच माणूस शोधत राहिली. बाबा तिच्यासमोर उभे. हातात तिचा फोटो. ती त्यांच्या डोक्यावरून मागे बघतेय." थियानं मान ताणून दाखवलं. "पन्नास वर्षं, भांडण झालं की तेच. मी त्या दुसऱ्याशी लग्न केलंय."

म्हणून लग्नाच्या फोटोत तो तिच्या कानाएवढा. तिची टाच उंच नव्हती. टाचेवरची माझी २३ मार्चची नोंद खोडत नाही, तशीच राहू दे.

शनिवार, १ जून

११७ आणि ३२२ एकमेकांशी जोडले. ११७ मधली "भाग गहाळ, हेतुपुरस्सर" ही ओळ ठेवली आणि पुढे लिहिलं: "गहाळ भाग क्र. ३२२ मध्ये."

मैत्रिणीचा भाऊ ब्रिस्बेनला असतो. त्याचा निरोप: ३२२ मधून पापूचं डोकं घेऊन ११७ मधलं भोक भरून द्याल का, मुलांना पूर्ण फोटो दाखवायचाय. करता येईल, वीस मिनिटांचं काम आहे. पण ३२२ मधला चेहरा दोनदा फोटो काढून झालेला, ब्रश मारलेला. ११७ च्या कागदावर तो वेगळ्या माणसासारखा दिसेल. हे कळवलं. हवंच असेल तर जेपेग देईन, नावात "भरलेला" असं लिहून. टिफ तसाच.

थियाला विचारलं, तुम्हाला कोणता छापून पाहिजे? भोकाचा, म्हणाली. मोठा. जेवणाच्या खोलीत लावायचाय.

रविवार, २ जून

बिस्किटांचा डबा आज उघडला, अंगणात, मास्क लावून. वरच्या पट्ट्या आकसून वळल्यात, त्यांना आता हात लावला तर मोडतील. तळाच्या सहा सपाट आहेत. उजेडाला धरून बघितलं: कॅफेचं स्वयंपाकघर, आतून. पाटी नाही, आरसे नाहीत. एका निगेटिव्हमध्ये कुणीतरी पोत्यावर बसलंय. प्रकाशाच्या टेबलावर ठेवून उद्या रात्री टिपायच्या, जास्त थांबायला नको.